लाखेत बसवलेली पाच काडतुसं

४ मार्च
नातीने लाकडी ठोकळा फोडला. मला न विचारता! तिच्या बापाची पाच काडतुसं त्यात लाखेने पक्की बसवलेली होती, गेली बावीस वर्षं. मी दर महिन्याला राखेने घासायची — वरून. बुडं कुणी पाहिलीत? आता म्हणे लढाईच्या संग्रहालयात द्यायची, खाली बापाच्या नावाची पाटी लागेल. पण तिथला कारकून म्हणतो, कुठल्या बनावटीची, जिवंत की रिकामी, ते लिहून आणा. आणतो बाबा. आमचा पोरगा गेला, तुझा कागद तरी पुरा होऊ दे.

५ मार्च
सून म्हणाली, कशाला उकरायचं, राहू द्या घरात. दिवसभर भांडी आपटत होती.

७ मार्च
नातीबरोबर बंदूक दुरुस्तीवाल्याकडे गेले. दुकान खाटेएवढं. म्हातारा कानाने अधू, नजर मात्र घारीची. म्हणाला, बुडाची कड बाहेर आलेली, म्हणजे आपल्याच सैन्याची. बुडाच्या मधल्या टोपीला घोड्याच्या ठोक्याचा खड्डा नाही, म्हणजे जिवंत. घासायची म्हटल्यावर माझ्यावरच खेकसला, हात उडाले असते म्हणून. या वयात मी ते हात घेऊन करणार काय होते! मग भिंग लावून बुडावरचं साल वाचलं. नात म्हणाली, पुन्हा वाचा. त्याने पुन्हा वाचलं. पाचांवर एकच. काडतुसं त्यानेच ठेवून घेतली, पोलिसांत जमा करतो म्हणाला.

८ मार्च
काल पुढचं लिहवलं नाही. आज लिहिते.
लढाई संपली तेव्हा सरकारी कागद आला — बेपत्ता. मेला असं त्यात नव्हतं. तीन वर्षं मी त्याचं ताट मांडलं. सुनेला माहेरी पाठवलं नाही, येईल आणि ही घरात नसेल म्हणून. मग हवालदार आला, त्याच्याच तुकडीतला. ठोकळा माझ्या पुढ्यात ठेवला. म्हणाला, "आई, ही त्याच्या कमरेची. माझ्या डोळ्यांदेखत पडला तो." रडले. आणि सुटले. वर्षभराने सुनेचं लग्न त्याच्याशीच लावून दिलं — मी, दुसऱ्या कुणी नाही. तेव्हापासून इथेच राहतो. त्याला जावई म्हणू की मुलगा? म्हणून हवालदारच म्हणते. माणूस वाईट नाही. घोरतो फार.
पण ती काडतुसं बनली लढाई संपल्यावर दोन वर्षांनी. माझ्या पोराच्या कमरेला लागली कशी?

१० मार्च
विचारलं. हवालदार अंगणात सायकलची साखळी बसवत होता. आधी म्हणाला, त्या म्हाताऱ्याला दिसत नाही नीट. मी म्हटलं, माझ्याकडे बघून बोल. तेव्हा बोलला. नेमबाजीच्या मैदानावरून खिशात घातली होती. साल बुडावर असतं हे ठाऊक होतं, म्हणूनच ठोकळा आणि म्हणूनच लाख.
"आणि तो पडताना पाहिलंस, ते?"
साखळी पुन्हा निसटली. पुसत बसला.
"नाही पाहिलं, आई. पहाटे आम्ही मागे फिरलो. मोजणीत तो नव्हता."

११ मार्च
पोरगा परत बेपत्ता झाला.

१५ मार्च
चार दिवस हवालदाराला पाणीसुद्धा विचारलं नाही. नातीला सगळं सांगितलं. कारकुनाचा कागद कोराच पडलाय.
दुपारी सून खोलीत आली, दार लोटून उभीच राहिली.
"यांना बोलू नका. हे तयारच नव्हते. मी पत्र लिहून बोलावलं होतं — काहीतरी घेऊन या, आणि तो गेला म्हणून सांगा. तुम्ही मला सोडत नव्हतात, आई."
नव्हते सोडत.