मावशीची हिरवी साडी

परभणी, १२ नोव्हेंबर १९९२

अंग नुसतं आंबून गेलंय. सोनपेठहून एसटीत उभ्यानं आलो, उसना आणलेला कॅमेरा पोटाशी धरून. आणि आणलं काय? काहीच नाही.

पत्रकारितेच्या कोर्ससाठी मावशीवर छोटी फिल्म केली होती. मावशी दरवर्षी ऊसतोडीला जाते. शूटिंगच्या दिवशी बाई लग्नाला निघाल्यासारखी हिरवी साडी नेसून हजर! आमच्याकडं व्हिडिओ लग्नातच निघतो, तिचं तरी काय चुकलं? पण सर म्हणाले, "ऊसतोड कामगार असे दिसतात होय? रोजच्या कपड्यात घे पुन्हा."

म्हणून आज परत गेलो. ऊसतोडीला न्यायचा ट्रक दारात उभाच होता. मावशी ठिगळाच्या लुगड्यात भांडी चढवत होती. सरांना हवी होती अगदी तशी. मी कॅमेरा खांद्यावर घेतला आणि तिनं तोंडावर पदर ओढला.

"मावशे, दोनच मिनिटं. आधीचं चालत न्हाई म्हणायलेत सर."

"का? हिरव्या साडीत वाईट दिसायले का मी?"

ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न वाजवायला लागला. ट्रकवर चढता चढता ती म्हणाली, "आता सहा महिने ती साडी पेटीतच पडणार हाय. तुझ्या टीव्हीत तरी नेसलेली राहू दे की रे."

कॅमेरा खाली घेतला.

उद्या सरांना तीच टेप देणार. नापास करायचं तर करू देत.