हसले की पडते

२ सप्टेंबर २०२५, मंगळवार

पडले! ऑफिसात, सगळ्यांसमोर. विद्याधरने बॉसची नक्कल केली, मी फस्सकन हसले आणि गुडघेच गेले. मान लुळी, जीभ जड, पण कान चालू. "चक्कर आली रे, पाणी आण!" "डाएट करत असेल." अंधेरीला ऑफिसात मला चक्कर येते आणि चारकोपला घरी देवी!

घरी आले तर आमच्या सेक्टरातल्या बायका बसल्याच होत्या. दर मंगळवारी असतात. चौदाची असताना गणपतीत गावी फुगडी घालताना हसले, कोसळले, आणि जानकीआत्या ओरडली, "देवी इली!" झालं. ओटी काय, मळवट काय! तेव्हापासून कुणाच्या मुलाचं लग्न, कुणाची बदली, सगळं मला विचारतात. मान उजवीकडे कलंडली तर हो, डावीकडे तर नाही. आणि खरं सांगू? त्या इतक्या गंभीर चेहऱ्याने विचारतात की मला हसू फुटतं, म्हणून पडते. आत्या मागे उभीच असते. आजवर एकदाही डोकं आपटू दिलं नाही तिने.

८ सप्टेंबर, सोमवार

विद्याधरने मागे लागून डॉ. रेवतीकडे पाठवलं. झोपेच्या डॉक्टर! असे डॉक्टर असतात हे कुणाला माहीत? मी आपली आळशीपणाचं औषध मागायला गेल्यासारखी गेले. त्यांनी शांतपणे विचारलं, "हसताना पाय जातात का?" मला रडूच कोसळलं. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

"घरात आणखी कुणाला?" नाही म्हटलं. आई माझ्या जन्मानंतर वर्षाच्या आत गेली. बाबा दारू प्यायचे, रस्त्यात पडले आणि गाडीखाली आले. मला ते आठवतही नाहीत. पुढे सगळं आत्यानेच केलं.

११ सप्टेंबर

आज ठरवलंय, आत्याला डॉक्टरांनी सांगितलेल्या तपासण्या कशासाठी ते स्पष्ट सां

१२ सप्टेंबर

काल वाक्यातच झोपले. गालावर शाई.

१६ सप्टेंबर, मंगळवार

नाव मिळालं — नार्कोलेप्सी! दिवसाची झोप आणि हसताना पडणं, दोन्ही त्यातलंच. रात्रभर डोक्याला तारा लावून झोपवलं, मग दिवसा पुन्हा पुन्हा झोपायला सांगितलं. दर वेळी मी मिनिटांत गार. आयुष्यात पहिल्यांदा परीक्षेत पहिली आले.

डॉक्टर म्हणाल्या, मेंदूत जागं ठेवणाऱ्या पेशी असतात, त्या बहुधा माझ्याच शरीराने मारल्या. जनुकांत थोडा कल असावा लागतो आणि मग एखादा ताप ठिणगी टाकतो, असा अंदाज. पण तसली जनुकं कितीतरी लोकांत असतात आणि त्यांना काहीच होत नाही. नक्की कारण कुणीच सांगू शकत नाही. मला एकदम २००९ चं ते मास्कचं वर्ष आठवलं. स्वाइन फ्लूने मी हॉस्पिटलात होते, आणि पुढच्याच गणपतीत ती फुगडी!

बरी होणार नाही, पण गोळ्यांनी खूप फरक पडेल म्हणे. मी आळशी नाही. वेडीही नाही. रिक्षात बसून मोठ्याने "थँक्यू" म्हटलं. रिक्षावाला म्हणाला, "अभी तो बैठे हो, मॅडम!"

२० सप्टेंबर, शनिवार

गोळ्या सुरू. आज दुपारभर जागी! खिडकीत बसून नुसतं ऊन बघितलं. दुपार इतकी मोठी असते हे मला माहीतच नव्हतं. किती आभार मानू आणि कुणाकुणाचे!

पण सोमवारी घट बसतात. बायका ओट्या घेऊन येणार. आत्याला सगळा सेक्टर मान देतो तो देवीमुळे. मी खरं सांगितलं तर लोक तिला खोटी म्हणतील. आणि ती माझ्याकडे पुन्हा तशा मायेने बघेल का? हीच भीती. पण खोटं घेऊन घटापुढे बसणं मला जमणार नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

सांगितलं. देवी नाही आत्या, आजार आहे, बहुतेक थोडा जन्माचाच. ती तांदूळ निवडत होती. वर बघितलंच नाही. "गोळी घेतलंस?" एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं. वाट लागली माझी.

२२ सप्टेंबर, घटस्थापना

सकाळी आत्याने बायकांना दारातूनच परत पाठवलं. मग माझ्याजवळ येऊन बसली.

"माका म्हायत होता गो. तुझो बापूस हसलो की असोच पडायचो. कधी थेंब घेतल्यान नाय त्याणा. रस्त्यात पडलो तेव्हा लोक बाजूक झाले, बेवडो म्हणान. कोणी हात लावल्यान नाय. तू पडलंस तेव्हा मीच पयली ओरडलंय. देवी पडली तर धावतत सगळे."

बाबा प्यायचे नाहीत.