भोंग्याखालचा आवाज

माजरी

प्रिय अंकुश,

आपल्या 'भोंगा'ची पुन्हा चर्चा आहे. पुण्याकडची, शिलाँगची पोरं तो अल्बम ऐकून बँड काढताहेत. शूगेझ म्हणतात म्हणे त्याला, मान खाली घालून वाजवतात म्हणून. एकाने लिहिलंय, गिटारच्या गदारोळात बाईचा आवाज बुडवणं ही थोर कल्पना होती. आता सगळेच तसा बुडवतात. वाचून मी पोट धरून हसले, मग असा संताप आला की हातातला कप भिंतीवर फोडला.

कसली डोंबलाची कल्पना! खाणीत ब्लास्टिंगचा भोंगा झाला की आपण तुझ्या क्वार्टरमध्ये गिटारचा आवाज पूर्ण मोठा करायचो. भिंती हादरल्या तरी शेजाऱ्यांना खाणच वाटायची, आणि त्या धडधडीत मी गाऊन घ्यायची. माझ्या भावाने, धनराजदादाने, दमच दिला होता, "तुहा आवाज माह्या कानावर आला तं जीभ हासडीन." म्हणून रेकॉर्डिंग करताना तू माझा आवाज गिटारखाली दाबलास. तरी पानठेल्यावर कुणाच्या मोबाइलवर त्याने तो ओळखला. दार तोडून आला, तुझा डावा हात चौकटीवर दाबून सब्बलीने, त्या लोखंडी पहारीने, बोटं ठेचली, आणि मला केसांना धरून भर रस्त्याने घरी ओढत नेलं. त्याच्या बुटांवरचं तुझं रक्त मलाच धुवायला लावलं. तेव्हापासून मी याच घरात आहे, गप्प. प्रेम मात्र तुझ्यावरच आहे, अंकुश, तेव्हाही आणि आजही.

आज सकाळी दादाची मुलगी मयुरी अंगणात आपलंच गाणं म्हणत होती. माझे शब्द कुणाला नीट ऐकूच येत नाहीत, म्हणून तिने स्वतःचे घातले होते. फार गोड गात होती रे. दादा तीच सब्बल घेऊन तिच्यावर धावला. मी ती हिसकावली आणि त्याच्या गुडघ्यावर घातली, हाड मोडेपर्यंत. "मारून टाकतं का वं मले?" असं ओरडला. मी हो म्हटलं आणि दुसऱ्या गुडघ्यावरही घातली. त्याला चंद्रपूरच्या दवाखान्यात नेलंय. पोलीस मला न्यायला येतीलच, मी पळणार नाही. वहिनी मयुरीला तुझ्याकडे, नागभीडच्या गाडीत बसवून देतेय, हे पत्र तीच तुझ्या हातात देईल. लग्नांचं साउंड सांभाळतोस, तिलाही सांभाळ. तुझ्या मशीनवर तिचं गाणं घे. गिटार हवी तेवढी गडगडू दे, पण या वेळी आवाज वर ठेव.

अजूनही तुझीच,
नंदिनी