गुरुवारची गाडी

नोर्डहाउझेन, १२ मार्च २०२२

लाडके आंत्ये,

तू आणि येन्स मजेत असाल. माझा गुडघा कुरकुरतो, बाकी ठीक. परवा वाफ्यात कांदे लावले.

तुझी आई संसदेची निवडणूक हरली, हे तुला बातम्यांतून कळलंच असेल. चारदा निवडून आली, पाचव्यांदा पडली. बर्लिनची खोली रिकामी करून दोन पेट्या घेऊन आली. एवढ्या वर्षांनी ही बाई रोज घरी दिसते, तर मला तिच्याबद्दल नवंच कुतूहल वाटायला लागलंय. चाळणी कुठे असते हे तिला ठाऊक नाही. रेडिओवरच्या मंत्र्यांना मात्र उभ्या उभ्या उत्तरं देते.

डाव्यांना इथे अजून 'लाल मोजे' म्हणून चिडवतात. खाटीक ट्योले तिला म्हणाला, "काय हो, लाल मोजेवाल्या बाई, आता घरात विरोधी पक्ष का?"

"घरात मी सत्तेत आहे, ट्योले. अर्धा किलो खिमा द्या."

आमची पोटॅशची खाण बंद केली तेव्हा फाटकाशी खोक्यावर चढून बोलली होती, तीच ही. तेव्हा ती खाणीच्या कचेरीत टायपिस्ट होती आणि तू तिसरीत. खाण वाचली नाही, पण ती त्या खोक्यावरून खाली उतरलीच नाही.

एकदा मी तिला विचारलं, "झिग्रून, तुमचा डावा पक्ष त्या सभागृहात कायम हरायचा. मग जायचीस कशाला?"

म्हणाली, "परदेशात सैन्य पाठवायचं ठरतं, तेव्हा कुणीतरी 'नाही' म्हटलं होतं, हे नोंदीत राहायला नको?"

तुझ्या लग्नाच्या दिवशी ती जेवणाआधी उठून गेली, ती अशाच एका मतदानासाठी. तिच्या एका मतानं काय फरक पडणार होता, असं तू विचारलंस आणि मग बोलणंच सोडलंस. मी तेव्हा कुणाचीच बाजू घेतली नाही. आजही घेत नाही.

तर सांगायचं हे, की जानेवारीपासून दर गुरुवारी ती चांगला कोट घालून सकाळच्या गाडीनं जाते आणि संध्याकाळी येते. मला वाटलं, पक्षाचं काम. परवा सूप वाढताना विचारलं, "कुठे जातेस गं?"

"ग्योटिंगनला."

"आंत्येकडे? काय म्हणाली?"

"तिच्या दुकानासमोर, रस्त्यापलीकडच्या फुटपाथवर मी उभी असते. सायकलींची चाकं नीट करताना दिसते ती. केस कापलेत तिनं."

"आणि मग?"

"मग परत येते."

मी चमचा खाली ठेवला. भर सभागृहात मंत्र्यांना गप्प करणारी बाई, आणि रस्ता ओलांडता येत नाही? तसं म्हणालोही.

सूप ढवळत ती म्हणाली, "तिथे समोरचे काय म्हणणार ते आधीच ठाऊक असायचं, एकार्ट. आंत्ये काय म्हणेल, ते ठाऊक नाही."

हे पत्र मी लिहितोय हे तिला माहीत नाही. तिला माफ कर, असं मी म्हणणार नाही. ते तुझं तू बघ. पण येत्या गुरुवारी मीही तिच्याबरोबर येतोय. तिला अजून सांगितलेलं नाही. मी कोपऱ्यावर थांबेन, मध्ये पडणार नाही.

ती रस्ता ओलांडेल का, मला माहीत नाही. तू ओलांडशील का, तेही माहीत नाही.

तुम्हा दोघींचा,
बाबा