टाकीवर पाणी मारलं नाही

लिंबायत, सुरत
९ डिसेंबर २०२४

योगेंद्रदादास,

नमस्कार. तुझी खुशाली विचारत नाही, ती आईकडून कळते. तुझा नंबर मी ब्लॉक केलाय, म्हणून हे पत्र.

इच्छापोरचा कारखाना पुन्हा चालू केलास म्हणे. रंगाच्या कंपन्यांनी टाकलेला लोखंडी गाळ मातीत मळून गोळ्या कशा वळायच्या, ते तिथल्या बायकांना मी शिकवलं. गोबरगॅसमधला सडक्या अंड्यासारखा वास, तो विषारी वायू, आपल्या गोळ्या कशा शोषून घेतात, हे तू पाहुण्यारावळ्यांत कौतुकानं सांगायचास. टाकीत भरून वापरलेल्या गोळ्यांना हवा लागली की त्या पेटतात, हे मात्र फक्त आम्हा नवरा-बायकोला सांगितलंस. "टाकी उघडण्याआधी पाणी मारायचंच." तुझेच शब्द.

त्या दिवशी हे पाण्याचा पाइप घेऊन उभे होते. तू ओरडलास, "दाजी, पाणी नको! भिजल्या तर चिखल होईल. मला त्याच परत भाजून भरायच्यात."

"पेटतील हो," हे म्हणाले.

"मालक कोण, तुम्ही की मी?"

ह्यांनी झाकण उघडलं. मी मातीच्या हातांनीच धावले. तोवर ह्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते.

आणि चौकशीला आलेल्या कारखाना-खात्याच्या साहेबांना तू सांगितलंस, दाजींनी कुणाला न विचारता टाकी उघडली! माझ्या समोर, दवाखान्यात ह्यांच्या हातांना पट्ट्या बांधत असताना.

परवा आईला पाठवलंस. "नूतन, भाऊ एकच शे, गप राह्य," असं तिच्याकडून वदवायला. ती तसं बोललीही. मी ताट वाढून तिच्या हातात दिलं, "जावयाला तूच भरव." दुसऱ्या घासाला ह्यांनी लाजून तोंड भिंतीकडे फिरवलं. आईनं घास ताटात परत ठेवला. मग म्हणाली, "योगूनी माले हाई सांगंच नही."

आज मी साहेबांकडे गेले आणि कानांनी ऐकलं ते सगळं सांगून आले. ह्यांना ते नको होतं. "तुझं माहेर तुटेल," म्हणत होते. पण आईच चपला घालून माझ्याआधी दाराबाहेर उभी राहिली.

ती आता इथेच राहणार. तिला न्यायला येऊ नकोस, हा निरोप तिचाच आहे. माझा निरोप तुला साहेब देतील.

तुझ्या दाजींची बायको,
नूतन