पाच तासांचा रस्ता

अरुशा,
१७ नोव्हेंबर २०१९

प्रिय झेफानिया,

तुला आणि वहिनींना सलाम. तुझा पाय पावसात फार दुखत नसेल, आणि कॉफीची तोडणी संपत आली असेल, असं धरून चालतो. मी ठीक आहे. ठीक म्हणजे गुडघे कुरकुरतात, साखर वाढली आहे आणि डॉक्टरने म्बेगे बंद केली आहे. चाग्गा माणसाला केळ्याची बिअर सोडायला सांगणारा डॉक्टर किनाऱ्याकडचाच असणार, हे तुला वेगळं सांगायला नको.

फोन हाताशी असताना हा माणूस पत्र का लिहितोय, असं तू म्हणशील. म्हण. मला तू ‘कागदावरचा ड्रायव्हर’ म्हणायचास, तेव्हा माझं जे काही सांगायचं ते कागदावरच सांगितलेलं बरं. फोनवर तू हसून काहीतरी विचारतोस आणि मी लगेच हवापाण्यावर घसरतो. गेली अकरा वर्षं मी हवापाण्यावरच बोलतो आहे.

आधी तुझ्या मुलीचं सांगतो.

आइकांडे आमच्या ऑफिसात छान रुळली आहे. सकाळी माझ्याआधी येते, भिंतीवरच्या नकाशावर दोरा धरून अंतरं मोजते आणि माझी जुनी सफारीची पत्रकं वाचून त्यातल्या चुकांवर लाल खुणा करते. परवा मला म्हणाली, “काका, तुम्ही तारांगिरेच्या फाटकापासून मुक्कामापर्यंतचा वेळ धरतच नाही. पाहुणे काय उडत जातात?” मी म्हटलं, बाई, तू बापावर गेलीस. ती खूश झाली.

पण तिला खुर्ची नको आहे, तिला चाक हवं आहे. गाइडची परीक्षा पहिल्या नंबराने पास झाली, पक्षी तर माझ्यापेक्षा दुप्पट ओळखते. तरी सहा कंपन्यांनी तिला गोड बोलून परत पाठवली. का, ते तिने तुला सांगितलं नसेल. मुलाखतीत सगळं सुरळीत चालतं आणि मग कोणीतरी विचारतं, “लिमो? म्हणजे त्या झेफानिया लिमोची?” पुढे चहा येतो आणि विषय संपतो. आमचे मालकही तेच म्हणाले. पोरगी हुशार आहे, पत्रकं करू दे, पण गाडी नको. पाहुणे घाबरायला नकोत.

दोन आठवड्यांपूर्वी तिने पहिला बेत एकटीने आखला. स्वित्झर्लंडच्या दोन बहिणी आहेत, दोघीही साठीच्या. आठ दिवस. तारांगिरेचे हत्ती, मन्यारा सरोवर, मग सेरेंगेटीत चार रात्री आणि परतताना न्गोरोंगोरोचं विवर. मी चष्मा लावून चूक शोधायला बसलो, कारण माझं कामच ते. चूक सापडेना. सेरेंगेटीतली शेवटची रात्र तिने सेरोनेराला ठेवली होती, फाटकापासून जेमतेम तासाभरावर. मी म्हटलं, उत्तरेला नदीकाठी आणखी एक रात्र दिली असती तर बहिणी खूश झाल्या असत्या. ती म्हणाली, “खूश होऊन दुसऱ्या दिवशी धावायचं कोणी?”

आणि बेताच्या तळाशी, ड्रायव्हरसाठीच्या सूचनांत, तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘उशीर होतोय असं वाटलं की ऑफिसला फोन करायचाच. फोन न करता वेग वाढवायचा नाही.’

हे कोणी लिहायला सांगितलं, असं मी विचारलं. ती अगदी सहज म्हणाली, “बाबांनी. ते म्हणतात, मी त्या दिवशी एक फोन केला असता तर गॉडलिसनमामा आज असता.”

झेफानिया, मी उठून बाहेर गेलो. गाड्या धुतात तिथे, पिंपावर बसून राहिलो. जेवायला गेलो नाही. त्या दिवसापासून हे पत्र लिहितो आहे आणि फाडतो आहे.

आता तुला ठाऊक असलेलीच गोष्ट मी तुला सांगणार आहे. कंटाळू नकोस. मला ती ओळीने लिहू दे, नाहीतर मी मधली ओळ गाळीन. गाळण्यात मी फार हुशार आहे.

सेरेंगेटीचा परवाना तासांवर चालतो. नाबीच्या फाटकातून ज्या मिनिटाला आत गेलात, त्या मिनिटापासून चोवीस तासांचा एक दिवस. त्या खेपेला तुम्ही अकरा चाळीसला आत शिरला होतात, तेव्हा तिसऱ्या दिवशी अकरा चाळीसच्या आत बाहेर. सगळे बेतवाले या मिनिटांशी खेळतात, पण माझ्यासारखा खेळणारा अरुशात दुसरा नाही, अशी माझी ख्याती होती. दुसरे जे आठ दिवसांत बसवतात ते मी सहात बसवायचो. त्या डॅनिश नवरा-बायकोला नदी ओलांडणारे विल्डबीस्टचे कळपही बघायचे होते आणि त्याच दुपारी विवरही. दुसऱ्या कंपनीने जमणार नाही म्हणून सांगितलं होतं. मी जमवलं. शेवटची रात्र नदीकाठी ठेवली आणि नदीपासून नाबीपर्यंत लिहिलं ‘पाच तास’.

तू निघायच्या आदल्या दिवशी तो कागद घेऊन आलास. गॅरेजमध्ये सगळ्यांसमोर म्हणालास, “एलिनामी, कागदावर खड्डे नसतात. हा सहा तासांचा रस्ता आहे, आणि मागे तंबू, रॉकेल, पेट्या आणि स्वयंपाकाला माझा मेहुणा.” मी काय म्हणालो ते तुला आठवतं. मी म्हणालो, तू म्हातारा झालास, तुला आता बैलगाडी देऊ. पोरं हसली. तू पण हसलास. तुझ्या जागी मी असतो तर हसलो नसतो.

मी स्वतः त्या रस्त्यावर सात वर्षं गाडी चालवली आहे. पाच तासांत मी तो एकदाच कापला होता. रिकाम्या गाडीने.

गाडी सेरोनेराच्या पुढे उलटली, जिथे रस्त्याला पत्र्यासारख्या लाटा पडतात तिथे. पाहुण्यांचा एकेक हात मोडला. तुझा पाय अधू झाला तो कायमचाच. मागे सामानात बसलेला गॉडलिसन जागेवर संपला. डबे आणि पेट्या त्याच्या अंगावर होत्या. वहिनींनी आपल्या भावाला पुरलं आणि नवऱ्याला इस्पितळात भेटायला आल्या, एकाच आठवड्यात. मी त्यांच्याकडे बघू शकलो नव्हतो. त्यांना वाटलं, मला दुःख झालंय. दुःख होतंच. पण बघवत नव्हतं ते दुःखाने नाही.

अकरा दिवसांनी तू नीट शुद्धीवर आलास. मोशीच्या इस्पितळात, खिडकीकडची खाट. डोक्याच्या माराने तुझी ती सकाळ पुसून गेली होती. नदीकाठचा चहा आठवत होता आणि त्यानंतर थेट इस्पितळाचं छत. तू माझा हात धरून विचारलंस, “एलिनामी, मी तुला वाटेतून फोन केला होता का?”

मी नाही म्हणालो.

तोवर मी पोलिसांना तेच सांगून बसलो होतो, आणि मालकांनाही. ड्रायव्हरने काही कळवलं नाही. तुझा परवाना गेला, तुझं नाव गेलं, आणि तू कधी कुरकुर केली नाहीस. उलट भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिलास की चूक माझी, मी विचारायला हवं होतं. तुझ्या तोंडून ते ऐकताना मला वाटायचं, आता सांगावं. मग वाटायचं, याने स्वतःच मान्य केलंय, आता उकरून काढायचं कशाला. माणसाला सोयीचं तेवढंच शहाणपण सुचतं.

पुढच्या वर्षी मी तुझ्याकडे माफीचं, इसालेचं पान पाठवलं. गाठ मारलेलं पान घेऊन आमचे थोरले काका तुझ्या अंगणात आले, आणि ते पान दारात आलं की आपल्यात कोणाला नाही म्हणता येत नाही. बापाचा खुनी असला तरी नाही. काकांनी विचारलं, कशाची माफी मागतोयस? मी सांगितलं, गॅरेजमध्ये त्याला म्हातारा म्हणालो, चारचौघांत हसं केलं, त्याची. तू म्हणे ते ऐकून चकित झालास. एवढ्याशासाठी पान? पण घेतलंस. मग मी आलो, आपण एकाच भोपळ्याच्या तुंब्यातून म्बेगे प्यायलो, आणि तू मला मिठी मारलीस.

ती चोरी होती. सराफाकडून पितळ म्हणून सोनं उचलून आणावं तशी मी तुझी माफी उचलून आणली. त्यानंतर मी गावाकडे, माचामेला आलो नाही. नाताळला सगळी अरुशा रिकामी होते, प्रत्येक चाग्गा आपापल्या केळीच्या बागेत जातो, आणि मी दरवर्षी ऑफिसात काम आहे म्हणून बसून राहतो. तुम्हाला वाटतं, शहराने मला गिळलं.

तू फोन केला होतास, झेफानिया. नऊ वाजता, लोबोच्या टेकडीवरून, जिथे फोन लागतो तिथून. तू विचारलंस, आणि मी तुला पुढे हाकललं.

का, ते मी अकरा वर्षं शोधतो आहे. मोठं असं काही सापडत नाही. एक दिवस वाढवून मिळाला असता. फाटकावर कोण बसतो तेही मला ठाऊक होतं. फक्त मालकांच्या खोलीत जाऊन म्हणावं लागलं असतं की माझा बेत चुकला. तेवढं एक वाक्य मला जड गेलं.

काय केलं ते आता सांगतो, म्हणजे हे पत्र नुसती रडारड होणार नाही. काल मी मालकांना सगळं सांगितलं आणि लिहून सही केली. त्यांनी महिनाअखेरीस टेबल मोकळं करायला सांगितलं. मला ते योग्य वाटलं. आज सकाळी मी गाइडांच्या संघटनेत तोच कागद दिला. शनिवारच्या बैठकीत तो मोठ्याने वाचला जाईल, मीच वाचणार आहे. पोलिसांकडेही जाणार आहे. वहिनींना तू सांगू नकोस, त्यांच्यासमोर मला स्वतः उभं राहू दे. त्यांनी दार लावलं तर मी परत जाईन.

आइकांडेला मी तुझ्याआधी सांगितलं, हे चुकलं असेल. पण ती रोज समोर बसून मला काका म्हणते, आणि ते मला सहन होईना. ऐकताना ती उभीच होती. तिने शिवी दिली नाही. आपल्या कागदाच्या तळाची ती ओळ वाचली, लेखणी उचलली, आणि पुढे आणखी एक वाक्य लिहिलं: ‘ड्रायव्हरने सांगितलेली वेळ ऑफिसने मान्य करायची.’ मग म्हणाली, “काका, तुमच्या सहीशिवाय बेत जात नाही ना? करा सही.” मी केली. नंतर निघताना दारात थांबून तिने विचारलं, “बाबांचा आवाज कसा होता? घाबरले होते?”

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की तुझी ती सकाळ जगात फक्त माझ्याजवळ उरली आहे. ती मी इतकी वर्षं दाबून बसलो. ही माफी मागायची जागा नाही, आणि तू ती देऊही नकोस. या वेळी तुझ्या दारात कोणी थोरला येणार नाही, तू नाही म्हणायला मोकळा आहेस. पण जे तुझं आहे ते घे.

तू घाबरला नव्हतास. मजेत होतास. म्हणालास, “एलिनामी, लोबोला पोचलोय. कळप उतरले रे, हजारोंनी उतरले, म्हातारीला रडू आवरेना. तिला ओढून कसं काढू, म्हणून तासभर थांबलो. फाटकाला एक वाजेल. मी सावकाशच येणार, मागे गॉडलिसन आहे. तू परवाना वाढवून घे.”

मी म्हणालो, “वाढवून मिळत नाही. वेळेत पोच. कसंही कर.”

मागून गॉडलिसन ओरडला, “त्याला सांग, अंडी फुटली तर उद्याचा नाश्ता तो करणार.” तू हसलास, मीही हसलो. मग तू म्हणालास, “तू सांगतोयस ना? मग येतो.”

ज्याच्या सांगण्यावरून तू आलास, तो

एलिनामी