चेहरा, दार, गाठोडं

सोमवार, १४ ऑक्टोबर

जागा संपली म्हणे! सकाळपासून फोन एकच दाखवतोय — जागा रिकामी करा, नाहीतर मेल येणार नाहीत. आणि नेमकं याच आठवड्यात सेलूच्या शाळेचं मुलाखतीचं पत्र मेलवर यायचंय. दोन वर्षांनी कुठून तरी बोलावणं येणार, ते जागा नाही म्हणून परत जायला नको.

दुपारी भक्ती शाळेत होती. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ओसरीवर वाकळ शिवत बसल्या होत्या. मी फोटो उघडून बसले. माझेच चार हजारांच्या वर. भक्तीचं बारसं, भक्तीचा पडलेला दात, भावाच्या लग्नातल्या माझ्या साड्या — एकेका साडीचे वीस-वीस. एकही पुसवेना.

खाली खाली गेले तर आत्याबाईंचे फोटो लागले. त्यांचा फोन मीच माझ्या ईमेलवर चालू करून दिला होता. त्यांना वाचता येत नाही, त्यांचा वेगळा ईमेल कुठून आणायचा? तेव्हापासून त्या जे काढतील ते माझ्याच खात्यात येऊन पडतं. त्यांच्या फोनमधली जागा मी मागंच मोकळी केली होती, म्हणजे ते सगळं फक्त वर, खात्यातच.

आणि कसले फोटो! कुणाचं तरी अर्धं तोंड. कुणाचं तरी दार. निळं दार, पत्र्याचं दार, नुसतं पोतं टांगलेलं दार. जुन्या लुगड्यांची गाठोडी. चार बोटं वर केलेला हात. मधेमधे चुकून चालू राहिलेले लांबच लांब व्हिडिओ, त्यात नुसती जमीन आणि चपला. सगळं हललेलं. हजाराच्या पुढं असतील. मला हसू आलं. सगळे निवडले आणि पुसले. कचऱ्याच्या डब्यात पडलेलेही जागा धरतात असं कळलं, म्हणून तो डबाही रिकामा केला.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. हेही हसले. म्हणाले, आईला दारांचा काय नाद लागलाय कुणास ठाऊक.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

पत्र आलं! सोमवारी मुलाखत. देवापुढं साखर ठेवली.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

आज लिहायला हात होत नाही.

सकाळी आत्याबाई फोन घेऊन माझ्याकडं आल्या. म्हणाल्या, बघ बरं, ह्याला काय झालंय, काहीच दिसंना. मी म्हटलं, काय बघायचं होतं? तर म्हणाल्या, कस्तुराबाईचं गाठोडं कोणतं ते.

मग त्यांनी मला सगळं सांगितलं. दहा वर्षं एका घरात राहतोय, मला माहीत नव्हतं. बायका त्यांच्याकडं जुनी लुगडी आणून देतात — बहुतेक वेळा गेलेल्या आईची, नाहीतर सासूची. त्याची वाकळ शिवून हवी असते, लेकराबाळांच्या अंगावर घालायला. दहा-पंधरा गाठोडी एका वेळी घरात. कोणतं कुणाचं हे ध्यानात ठेवायला आत्याबाई आधी बाईचा चेहरा काढतात, मग तिच्या दारात जाऊन दार काढतात, मग गाठोडं सोडून आतली लुगडी. चार बोटं म्हणजे चार हात लांब. पाच म्हणजे पाच. चेहरा, दार, गाठोडं. मग पुढची बाई.

म्हणाल्या, "मला कुठं लिवता येतंय. मी आपलं असं लिवते."

मी फोन हातात घेऊन उगाच इकडंतिकडं बोट फिरवलं. मग म्हणाले, फोनला काहीतरी झालं असेल, आत्याबाई.

हे माझ्या तोंडून निघालं. मी ठरवलं नव्हतं. पण निघालं, आणि मी ते परतही घेतलं नाही.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

मुलाखतीसाठी कागदांच्या झेरॉक्स काढायच्या म्हणून सेलूला गेले. खरं म्हणजे गोपाळच्या मोबाइलच्या दुकानात गेले. त्यानं बराच वेळ खटपट केली. डबा रिकामा केला नसता तर दोन महिने राहिले असते म्हणाला, आता नाही येत. मग विचारलं, वहिनी, महत्त्वाचे होते का?

मी म्हटलं, नाही, दारांचे होते.

रविवार, २० ऑक्टोबर

आत्याबाईंनी चौदाच्या चौदा गाठोडी ओसरीवर मांडली. एकेक सोडायची, लुगडं हातात घ्यायचं, नाकाशी न्यायचं, डोळे मिटून बसायचं. दुपारपर्यंत नऊ ओळखू आली. पाच राहिली. दिवाळी झाली की ऊसतोडीची टोळी निघणार, त्यात चार बायका ह्यातल्याच. उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीत थंडीचं झोपायचं असतं. त्यांना त्याआधी वाकळ पाहिजे.

हे सुट्टीवर होते. आईजवळ बसले आणि विचारलं की फोटो गेलेच कसे. आत्याबाई म्हणाल्या, माझ्याच बोटानं काहीतरी दाबलं गेलं असेल रे, मला काय कळतंय त्यातलं.

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. सोमवारचं हसणं ह्यांनाही आठवलं असणार. मी चुलीपुढं भाकरी थापत होते. थापतच राहिले. नंतर ह्यांनी मला एकटीला गाठून म्हटलं, सांगून टाक. मी म्हटलं, मुलाखत होऊ दे, मग सांगते. मुलाखतीचा आणि त्याचा काय संबंध? काहीच नाही. पण ह्यांनीही ताणलं नाही.

सोमवार, २१ ऑक्टोबर

मुलाखत दिली. बरी झाली. विचारलं, मुलांना लिहायची गोडी कशी लावाल? मी पाच मिनिटं बोलले. आता ते आठवलं की कसंतरी होतं.

घरी सांगितलं नाही. आजही नाही.

बुधवार, २३ ऑक्टोबर

पाचातल्या एका गाठोड्याची वाकळ शिवून झाली होती. बबिताचं आहे असं आत्याबाईंनी मनाशी धरलं होतं. आज मी सोबत गेले. बबिता बाजारगल्लीत राहते. तिची आई उन्हाळ्यात वारली. तिनं वाकळ अंथरली, एका बाजूनं हात फिरवत दुसऱ्या बाजूला गेली, आणि तिथंच बसून राहिली.

मग आत्याबाईंना हळू आवाजात म्हणाली, "छबूमामी, ही माझ्या मायची न्हाई. तिनं हिरवं कधी नेसलंच न्हाई."

रागावली नाही. उलट चहा केला. आत्याबाईंनी बशीत ओतला आणि तसाच ठेवला. म्हणत राहिल्या, असं माझ्या हातून आजवर कधी झालं न्हाई गं. बबिता म्हणाली, होतं मामी, वय झालं.

येताना मी म्हटलं, द्या इकडं, मी घेते. त्यांनी दिली नाही. ती हिरवी वाकळ स्वतःच्या डोक्यावर घेऊन त्या भर बाजारगल्लीतून माझ्या पुढं चालत आल्या. मी मागं रिकाम्या हातांनी.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

आत्याबाईंनी आज सुई हातात घेतली नाही.

शनिवार, २६ ऑक्टोबर

फोन मला आणून दिला. म्हणाल्या, भक्तीला दे खेळायला, मला नको आता ते.

जेवताना ह्यांना म्हणाल्या की माझ्या मायलाही असंच झालं होतं. आधी वस्तू कुठं ठेवली ते आठवेना, मग माणसांची नावं, शेवटी शेवटी पोटच्या लेकीला बाई तू कोण म्हणून विचारायची. हे सांगताना आवाज अगदी साधा. जसं बाजारातून काय आणायचं ते सांगतात तसा. परवा भाजीत दोनदा मीठ पडलं, तेही त्यांनी त्यातच धरलंय. मीठ कुणाकडूनही दोनदा पडतं!

हे उठून बाहेर गेले. परभणीच्या डोक्याच्या डॉक्टरांचा नंबर कुणाकडून तरी मिळवला आणि बुधवारची वेळ घेतली. परत आले तेव्हा माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. आता ह्यांनाही वाटतंय की आईला खरंच काहीतरी झालंय, की मला बोलायला लावायचा हा मार्ग काढलाय, मला कळत नाही.

एक धडधाकट बाई माझ्यामुळं स्वतःला वेडी समजायला लागली आहे. चार हजार फोटोंतले माझ्या साड्यांचे वीस पुसले असते तर काय बिघडलं असतं?

रविवार, २७ ऑक्टोबर

सांगितलं.

सकाळी त्या अंगणात भुईमुगाच्या शेंगा निवडत होत्या. मी समोर बसले. नीट बोलायचं ठरवून गेले होते, तसं काही जमलं नाही. एवढंच म्हणाले, आत्याबाई, फोटो तुमच्या हातून गेले नाहीत. मी पुसले. मला जागा पाहिजे होती.

त्यांचा हात थांबला. "समदे?"

"सगळे. मला ते कामाचे वाटले नाहीत."

आता बोलतील, असं वाटून मी मान खाली घालून बसले. रडत होते बहुतेक. वर पाहिलं तर त्यांच्या डोळ्यांत पाणी, आणि तोंडावर — मी चुकीचं लिहीत नाही — हसू.

"म्हंजी माझं डोस्कं ठीक हाय," त्या म्हणाल्या. "मला मायवानी झालं न्हाई."

मला एक शब्द बोलल्या नाहीत. उठून चूळ भरली, चहा मागितला. दुपारी दोन भाकरी खाल्ल्या. आठ दिवसांत पहिल्यांदा. शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मंगळवार, २९ ऑक्टोबर

आज धनत्रयोदशी. घरचं सगळं टाकून आम्ही दोघी राहिलेली चार गाठोडी आणि ती हिरवी वाकळ घेऊन निघालो. चार घरं आमच्या वालूरातच, एक पाथरीला, तिथं जीपनं गेलो. ठरवलं होतं की प्रत्येक दारात मीच बोलणार. बोलले. तुमचे फोटो माझ्याकडून पुसले गेले, तुमचं गाठोडं कोणतं तेवढं सांगा. पहिल्या दारात जीभ जड झाली. पुढं पुढं ती तेवढी जड होईना एवढं खरं.

एकीलाही ओळखायला वेळ लागला नाही. बबितानं तर गाठ सुटायच्या आधीच हात घातला. ती हिरवी वाकळ कस्तुराबाईची निघाली. तिनं एक कोपरा उलटा केला आणि वाटाण्याएवढं भोक दाखवलं. म्हणाली, माझ्या सासूचं लुगडं आहे, बिडी ओढताना जळालं होतं, तिला लय शिव्या दिल्या होत्या मी. मग तो कोपरा मुठीत धरून उभी राहिली. तिची टोळी पाडवा झाला की निघणार.

फोन मी सोबत घेतला होता, आता वेगळ्या ईमेलवर केलेला. आत्याबाईंनी प्रत्येक ठिकाणी परत फोटो काढले. चेहरा, दार, गाठोडं. मी वहीत नावं लिहिली. जीपमध्ये माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्या.

बुधवार, ३० ऑक्टोबर

परभणी रद्द. हे म्हणत होते, तरी जाऊन येऊ. मीच म्हटलं, कशाला, चूक माझी होती, त्यांना उगाच दवाखान्याची धास्ती. ह्यांनी डॉक्टरांकडं फोन करून नको म्हणून सांगितलं. आत्याबाईंनी सुईत दोरा ओवला. दुपारी चकल्या केल्या. खूप दिवसांनी छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

सोमवार, ४ नोव्हेंबर

सकाळी आत्याबाई फोन घेऊन आल्या. म्हणाल्या, मंजुषा, ह्याच्यात एवढेच फोटो कसे, माझे आधीचे कुठं गेले?

मला वाटलं थट्टा करताहेत. चेहऱ्याकडं पाहिलं. थट्टा नव्हती.

मी सांगितलं, आत्याबाई, ते मी पुसले.

त्यांनी माझ्याकडं टक लावून पाहिलं. खूप दुखावल्या होत्या. म्हणाल्या, "मग आधी कामून न्हाई सांगितलं?"